योजनेचा निषेध की योजनेला विरोध?

परभणीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की ‘सरकारच्या परदेशातील लष्करी हस्तक्षेपाच्या योजनेचा जनतेने निषेध केला’ हे विद्यार्थ्याच्या निबंधातील वाक्य बरोबर धरावे का, आणि त्यात ‘हस्तक्षेप’ऐवजी ‘कारवाई’ हा शब्द चालेल का.

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात दोष नाही, परंतु तेथे ‘योजनेला विरोध केला’ असेच हवे. ‘निषेध’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मनाई असा आहे. ‘विधिनिषेध’ या समासात आणि रेल्वे स्थानकांवरील ‘प्रवेश निषेध’ या हिंदी पाटीत तो टिकून आहे. आजच्या मराठीत मात्र घडलेल्या कृत्याबद्दल, झालेल्या निर्णयाबद्दल किंवा काढलेल्या उद्गारांबद्दल जाहीरपणे व्यक्त केलेली तीव्र नापसंती म्हणजे निषेध. जे अजून घडायचे आहे आणि अडवता येण्याजोगे आहे, त्याला आपण विरोध करतो. तहसीलदारांना द्यायच्या निवेदनावरील विषयाची ओळ पाहा: नियोजित प्रकल्प असेल तर ‘विरोध असल्याबाबत’ असे लिहितात, लाठीमार होऊन गेला असेल तर ‘जाहीर निषेध’ असे लिहितात.

इराकचे उदाहरण घेतले तर हा भेद स्पष्ट होतो. १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडन, रोम, माद्रिद अशा अनेक शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा युद्ध सुरू झालेले नव्हते. ते मार्चमध्ये सुरू झाले. म्हणून फेब्रुवारीतील मोर्चे युद्धाला विरोध करणारे होते, तर युद्ध चालू असताना, एप्रिल २००३ मध्ये, आपल्या लोकसभेने केलेला ठराव निषेधाचा होता. त्या ठरावाच्या हिंदी पाठात ‘निंदा’ हा शब्द होता, पण मराठीत निंदा म्हणजे बहुधा पाठीमागे केलेली नालस्ती, त्यामुळे येथे आपला शब्द निषेध हाच. २९ ऑगस्ट २०१३ रोजी ब्रिटनच्या संसदेने सीरियातील लष्करी कारवाईबाबतचा सरकारी प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. तेथे विरोध वेळेत झाला आणि फळाला आला.

‘कारवाई’बद्दल मराठवाड्यातील लेखकाने अधिकच सावध राहावे, असे मला मनापासून वाटते. कारवाई करतो तो अधिकारी आणि ती होते त्याच्या अखत्यारीतील माणसावर. अतिक्रमणावर नगरपालिका कारवाई करते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, त्याला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले आणि आपल्याकडील वडीलधारी मंडळी आजही ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. निजामाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेला होता, तर हा देशांतर्गत प्रश्न आहे अशी भारत सरकारची भूमिका होती, आणि ‘पोलीस’ या शब्दात ती भूमिका पूर्ण सामावलेली होती. परक्या स्वतंत्र देशाबाबत ‘कारवाई’ म्हटले, की तेथेही आपला अधिकार चालतो हे सरकारचे म्हणणे विरोध करणाराच नकळत मान्य करून बसतो. ‘हस्तक्षेप’ या शब्दात तो धोका नाही. ‘ढवळाढवळ’ अधिक बोचरा आहे, पण त्यातून सैन्याचा बोध होत नाही.

विद्यार्थ्याचे वाक्य मी असे लिहीन: ‘परदेशात सैन्य पाठवण्याच्या सरकारच्या बेताला जनतेने विरोध केला.’ यात ‘परदेशातील’ हे विशेषण नेमके कशाला लागते, हा मूळ वाक्यातील घोळही उरत नाही.