मारुती ८०० च्या भंगारातून बग्गी: ब्रॅकेट घरी बनवा, स्टिअरिंगचा दांडा नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दोन भंगार मारुती ८०० घेतल्यात, एकीचं इंजिन-गिअरबॉक्स सस्पेन्शनसकट मागे टाकायचं, दुसरीचं पुढचं सस्पेन्शन पुढेच वापरायचं, मधे पाइपचा सांगाडा, आणि गाडी शेतात, माळावर फिरवायची. त्यासाठी ब्रॅकेट (सस्पेन्शनला फ्रेमवर धरणारे लोखंडी तुकडे) घरच्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर मारले तर टिकतील का, बी क्लास पाइप चालेल का, आणि स्टिअरिंगचा दांडा जोड देऊन लांब करावा का.

टिकतील. वेल्डिंगची धास्ती सगळेच घेतात, पण अशा गाड्या त्रास देतात त्या बहुतेक वेळा ब्रॅकेट सेंटीमीटरभर इकडंतिकडं लागल्यामुळे. म्हणून बॉडी अजून कापली नसेल तर ग्राइंडर खाली ठेवा. गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी करा, गवंड्याचा ओळंबा घ्या आणि खालच्या आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) बोल्ट, बॅलन्स रॉडचे क्लॅम्प, टाय रॉडचा (चाक वळवणारा दांडा) आतला बॉल, स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब) वरचा माउंट या सगळ्यांच्या खाली फरशीवर खुणा मारा, उंची लेव्हल ट्यूबने मोजा आणि वहीत लिहून ठेवा. दोन्ही बाजू मोजा, कारण भंगारातली गाडी कुठं ना कुठं ठोकलेली असतेच आणि डावं-उजवं जुळत नाही. एकदा कापली की ही मापं परत कुठूनच मिळत नाहीत.

आता मागची बाजू, इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. पुढचा सेट मागे टाकताना तो आहे त्याच दिशेने उचलून ठेवायचा, उलटा फिरवला तर रिव्हर्सला गाडी पुढे आणि चार गिअर मागे, हे तुम्हाला माहीत असेलच. पण त्या चाकांना स्टिअरिंग नको म्हणून टाय रॉड जो पाइप जवळ दिसेल त्याला बांधून टाकतात, आणि मग खड्ड्यात चाक वरखाली झालं की मागचं चाक स्वतःच वळतं, वेगात असाल तर मागची बाजू अशी फेकली जाते की काय झालं ते कळतच नाही. टाय रॉडचा आतला बॉल रॅकवर (स्टिअरिंगची दातेरी पट्टी) असताना जिथं होता, अगदी त्याच जागी फ्रेमवर पक्का पाहिजे. रॅकच लॉक करून ठेवणारे पण आहेत, मला ते पटत नाही, त्यात खेळ राहतोच. तपासायची पद्धत सोपी आहे: स्ट्रटमधली स्प्रिंग काढायची (स्प्रिंग कंप्रेसर लावूनच, तार बांधून वगैरे नाही), हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) एक सरळ पट्टी बांधायची, जॅकने चाक पूर्ण खाली ते पूर्ण वर न्यायचं आणि पट्टीच्या पुढच्या-मागच्या टोकाचं गाडीच्या मध्यरेषेला बांधलेल्या दोरीपासूनचं अंतर बघायचं. दोन्हीतला फरक वरखाली होताना बदलत असेल तर ब्रॅकेटची जागा चुकलीय. हे सगळं टॅकवर, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरतं धरलेलं असतानाच करायचं.

दुसरी गोष्ट बॅलन्स रॉड. ८०० मध्ये तो फक्त गाडी कलू नये म्हणून नाही, खालच्या आर्मला पुढेमागे धरून ठेवायचं कामही तोच करतो. तो काढून टाकला तर आर्म एकाच बोल्टवर लोंबतो आणि ब्रेक मारला की चाक मागे सरकतं. त्यामुळं त्याचे क्लॅम्प फ्रेमवर मूळ जागी घ्या, नाहीतर प्रत्येक आर्मला पुढेमागे धरणारा वेगळा दांडा (रेडियस रॉड) द्या. आणि तो रॉड स्प्रिंग स्टीलचा आहे, त्याला गॅस दाखवून वाकवायचा नाही, त्यावर वेल्डचा ठिपकासुद्धा नको, जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंग) जे लागू तेच इथं.

पुढच्या चाकांचं एक महत्त्वाचं, तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतो. पुढे इंजिन नाही म्हणून ड्राइव्ह शाफ्ट काढून फेकू नका. हबचे बेअरिंग त्या बाहेरच्या जॉइंटच्या दांड्याने आणि मोठ्या नटाने आवळलेले असतात, तो दांडा नसेल तर हबला धरणारं काही राहत नाही आणि चाक बाहेर येतं. शाफ्ट कापा, बाहेरच्या जॉइंटचा कप दांड्यासकट हबमध्येच ठेवा आणि नट नेहमीसारखा टाइट करून लॉक करा.

पाइपबद्दल. बी क्लास म्हणजे पाण्याचा पाइप, एक इंची म्हणतात पण बाहेरून ३३.७ मिमी भरतो, जाडी ३.२ च्या आसपास. खालच्या सांगाड्याला, बंपरला, फूटरेस्टला खुशाल वापरा, पण काळा घ्या, जीआय नको, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. डोक्यावरच्या रोल केजला (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा पिंजरा) मात्र सीमलेस (बिनजोडाची) किंवा सीडीडब्ल्यू (वेल्ड करून थंड ओढलेली) ट्यूब घ्या. कॉलेजची पोरं एसएई बाहासाठी गाड्या बनवतात त्या स्पर्धेच्या नियमात मुख्य केजला २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी आणि कार्बन किमान ०.१८ टक्के असं धरलंय, आणि ती गाडी तुमच्यापेक्षा बरीच हलकी असते, तेव्हा तुम्ही त्याच्या वरच जा. जाडी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवला तर त्याच वजनात ताकद जास्त मिळते. बेंड प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरवर मारू नका, आतली बाजू चपटी होते. रोटरी बेंडरवाला शोधा, कोल्हापूरला उद्यमनगर, पुण्याला भोसरी, नाशकात सातपूर-अंबड, कुठंही सापडेल. बेंडला सुरकुती दिसली की तो तुकडा केजला वापरायचा नाही, मग कितीही पैसे गेले असोत.

ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचे करा. लग्नपत्रिकेचा जाड कागद यासाठी झकास असतो, घरात ढिगाने पडलेला असतोच. फिटिंग जमलं की ५ किंवा ६ मिमी प्लेटमधून लेझर कटिंग करून घ्या, एकसारखे आठ-दहा असले की ग्राइंडरने कापत बसण्यापेक्षा परवडतं. भोक लेझरवाल्याला जरा लहान ठेवायला सांगा आणि शेवटचं माप ड्रिलने काढा. गॅसने पाडलेलं भोक कधीच नको. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या दीडपट तरी माल राहू द्या, बोल्ट नेहमी ब्रॅकेटच्या दोन कानांच्या (समोरासमोरच्या दोन प्लेटा) मधे धरलेला, ८.८ ग्रेडचा, आणि कानात आटे नाही तर बोल्टचा गुळगुळीत भाग आला पाहिजे. आर्म बनवायच्या फंदात सध्या पडू नका, मारुतीचेच बुशसकट वापरा. ते रबरी बुश असतात, म्हणून बोल्ट शेवटचे टाइट करताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, हवेत टाइट केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

वेल्डिंगला तुमचं २०० अँपिअरचं मशीन पुरेसं आहे. रॉड कोरडे ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच, २.५ मिमीचा ६०१३ साधारण ७० ते ९० अँपिअरवर, जाड कानांना ३.१५ चा. पाइपची तोंडं माशाच्या तोंडासारखी कोरून अशी बसवा की फटीतून उजेड दिसणार नाही, फट रॉडने भरून काढणं हा धंदा केजवर चालत नाही. आधी सगळी गाडी टॅकवर उभी करा, कर्ण मोजा, मग एका कोपऱ्यात थोडं, समोरच्या कोपऱ्यात थोडं असं फिरत राहा, एका बाजूनं सलग मारत गेलात तर फ्रेम ओढली जाते. रेड ऑक्साइडचा रंग नंतर.

स्टिअरिंगचा दांडा: नाही. टोकाला टोक लावून वेल्ड नाही, वरून पाइप चढवून पण नाही. दुसऱ्या भंगार गाडीचा अख्खा कॉलम आणि युनिव्हर्सल जॉइंट आहे, त्याच्या मूळ दात्यांवर (स्प्लाइन) जोडा, लांबी जास्त झाली तर मधे एक बेअरिंग सपोर्ट द्या. बसत नसेल तर सीट आणि कॉलम पुढे घ्या. ब्रेकचे पाइप पण तसेच, नवीन आणा, फ्लेअर करून घ्या, जोडाला ब्रेझिंग नाही.

आणि रस्त्यावर ही चालणार नाही, पासिंग होणार नाही. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची किक मारून सुरू होणारी छोटी जीप आठवत असेल, २०२१ च्या डिसेंबरात व्हिडिओ गाजला होता, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच म्हटलेलं की नियमात बसत नाही म्हणून ती आज ना उद्या अडवतील, आणि बदल्यात त्यांना बोलेरो दिली. आपल्याला कोण देणार, त्यामुळं माळापर्यंत पिकअपमध्ये टाकून न्यायची.

टॅक झाल्यावर, पूर्ण वेल्ड मारायच्या आधी मागून फोटो टाका, त्यात खालचा आर्म आणि टाय रॉड दोन्ही एकाच वेळी दिसू द्या.