शिखराचे गणित उतरणीपासून मांडावे

कुटुंबासह हे शिखर चढता येईल का, असे आपण विचारले आहे. आपण दिलेली माहिती अशी आहे: जाऊन-येऊन १४ किलोमीटर अंतर, ११०० मीटरची चढाई, माथ्याची उंची २४०० मीटर, खिंडीपर्यंत मळलेली पायवाट आणि तिथून पुढे घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगड-मातीचा, खडा चढ. बरोबर पती, आठ आणि बारा वर्षांची मुले आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे उतरताना दुखतात. माहितीफलकावर सहा तास लिहिले आहेत, म्हणून सकाळी नऊला निघून साडेसहाच्या सूर्यास्ताआधी आरामात परत येऊ, असा आपला अंदाज आहे. ही चढाई आपल्या कुटुंबाच्या आवाक्यातली आहे असे मला वाटते, मात्र नऊ वाजता निघून ती जमणार नाही.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सुचवलेला एक ठोकताळा आजही वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्यानुसार आपल्या वाटेला साडेचार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, पण हा हिशेब धडधाकट प्रौढाचा असून त्यात विश्रांती धरलेली नाही. लहान मूल आणि ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असताना मी हा आकडा दीडपट करतो आणि त्यावर तासाला दहा मिनिटांची विश्रांती धरतो. तसे केले की एकट्या चढाईलाच पाच तास चाळीस मिनिटे लागतात. माथ्यावर पाऊण तास आणि उतरायला तीन तास धरले, तर बेरीज साडेनऊ तासांच्या घरात जाते. म्हणजे नऊला निघालात तर सूर्य मावळताना आपण जेमतेम पायथ्याशी पोहोचाल, तेही कोणाचा पाय मुरगळला नाही आणि वाट चुकली नाही तर.

म्हणून सहाला निघावे आणि मागे फिरण्याच्या दोन वेळा घरीच कागदावर लिहून ठेवाव्यात. खिंडीपर्यंत साधारण चार किलोमीटर आणि ६०० मीटर चढाई होते, असे आपण कळवले आहे; तिथे सव्वानऊच्या सुमारास पोहोचणे अपेक्षित आहे. दहा वाजून गेले तरी खिंड आली नसेल, तर तिथूनच परतायचे. पुढच्या टप्प्याला अडीच तास लागतात, म्हणून साडेबारा ही माथ्याची शेवटची वेळ; त्या वेळी माथा दोनशे पावलांवर दिसत असला तरी मागे फिरायचे. हा निर्णय वर जाऊन घेऊ म्हटले तर तो घेतला जात नाही, कारण तोवर सगळ्यांचा जीव माथ्यात अडकलेला असतो. मुलांनाही या दोन वेळा आदल्या दिवशीच सांगाव्यात, म्हणजे परतताना कोणावर रुसायला जागा उरत नाही.

आता सासूबाईंविषयी, कारण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न उतरणीचा आहे. चढताना दम लागतो, पण थांबले की तो भरून येतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, आणि थकवा साचला की तोच भार गुडघ्यावर येतो. या प्रकारच्या श्रमाची सवय लावता येते: मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी एखादी लांब उतरण झालेली असेल, तर पुढच्या वेळी स्नायू बरेच कमी दुखतात. सपाट रस्त्यावर रोज तासभर चालल्याने हा फायदा मिळत नाही. तेव्हा आधी ५०० मीटर चढाईची आणि मग ७०० ते ८०० मीटरची अशी दोन चढ-उतारांची तयारी सर्वांनी मिळून करावी. दुसऱ्या वेळी त्यांचे गुडघे सुजले, तर त्यांनी खिंडीपर्यंतच यावे; त्यांच्याबरोबर एक प्रौढ थांबेल आणि दुसरा मुलांना घेऊन वर जाईल, हेही आधीच ठरलेले असावे. दोन ट्रेकिंग पोल मात्र त्यांना नक्की द्यावेत आणि उतरताना ते थोडे लांब करून घ्यावेत.

उतरायला लागण्यापूर्वी माथ्यावरच सर्वांच्या बुटांच्या नाड्या सोडून, टाच मागे टेकवून, घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधाव्यात. नाहीतर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. टाचेला नुसती चुरचुर जाणवली तरी तिथेच बूट काढून टेप लावावा, कारण फोड आल्यावर उपाय फारसा उरत नाही. घसाऱ्यावर मुलांना एकामागोमाग एक सोडू नये. एकाच्या पायाखालून सुटलेला दगड दुसऱ्याच्या डोक्यावर येतो. एक जण सुरक्षित कडेला पोहोचला की मगच दुसऱ्याने निघावे. बारा वर्षांच्या मुलाला पुढे पळू देऊ नये, आणि सतत बडबडणारा धाकटा गप्प होऊन अडखळू लागला की ताबडतोब थांबून त्याला खायला द्यावे.

उंचीचा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे इथे त्याची फार चिंता नको. गारठ्याची मात्र आहे: दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे माथा पायथ्यापेक्षा सात अंशांनी थंड असेल, वर वारा वेगळाच. वजनाच्या मानाने मुलांची त्वचा अधिक असल्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात, म्हणून माथ्यावर बसण्याआधी घामाने भिजलेला सदरा बदलून वारारोधक जॅकेट घालावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे; तेव्हा घड्याळ न पाहता डोंगराची उघडी सोंड (धार) सोडून खाली यावे.

मुलांना सॅक द्यावी का, असेही आपण विचारले आहे. द्यावी, पण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो पुष्कळ झाले. त्यात त्याचे जॅकेट, थोडे पाणी, खाऊ आणि शिट्टी असावी. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा तेच, हा मदतीचा संकेत दोन्ही मुलांकडून घरीच करून घ्यावा. हेडटॉर्च पाचही जणांकडे असावा, आणि संध्याकाळी सहापर्यंत आपला फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे पायथ्याशी किंवा घरी असलेल्या एका व्यक्तीला लिहून द्यावे.