भौतिकशास्त्रातून मायक्रोस्कोपी-बायोफिजिक्सच्या संशोधनात जाता येतं का?

तुम्ही ठाण्याचे, टीवायबीएस्सी फिजिक्सला. दहावीनंतर बायोलॉजी सुटली, तरी मायक्रोस्कोपीत संशोधन जमेल का, असं विचारलंय.

जमेल. मीही फिजिक्सवालीच. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईत जाते आणि एका लॅबमधला कॉन्फोकल (लेझरने पेशींचे थराथराने फोटो काढणारा मायक्रोस्कोप) सांभाळते.

बायोलॉजी वाचून भरून काढता येते. संशयी स्वभाव मात्र फिजिक्सकडून येतो. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या एका मुलीच्या पेशी रात्रभराच्या टाइमलॅप्समध्ये (ठरावीक वेळाने काढलेल्या फोटोंच्या मालिकेत) फोकसमधून निसटायच्या. तिने पेशी बदलल्या, पेशी वाढवायचं द्रव, म्हणजे मीडियम बदललं, शेवटी स्वतःलाच दोष द्यायला लागली. मी फोकसची जागा वेळेसमोर मांडली, तर करवतीच्या दात्यांसारखा आलेख! दाते अगदी सारख्या अंतरावर. पेशी कुठे इतक्या शिस्तीत वागतात? घड्याळ घेऊन बसले, तर प्रत्येक दात्याला एसीचा कॉम्प्रेसर सुरू होत होता. गार झोताने नमुना ठेवायचं स्टेज मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकसायचं, आणि १.४ एनएच्या (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) ऑइल लेन्सच्या फोकसची जाडीच मुळात मायक्रॉनहून कमी. पुठ्ठ्याचा आडोसा लावला, काम झालं. (पुठ्ठा अजून तिथेच आहे.)

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅबेने १८७३ मध्ये सांगितलेली, साध्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील वेगळे दिसत नाहीत ही मर्यादा ओलांडणाऱ्या ज्या तिघांना २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, तेही मूळचे फिजिक्सवालेच.

कालिन्याला मुंबई विद्यापीठात बायोफिजिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. फिजिक्समध्ये एमएस्सी केलंत तरी बिघडत नाही. पुढे पीएचडीसाठी नेट-जेआरएफ (यातून संशोधनाची फेलोशिप मिळते) किंवा गेट या परीक्षा द्या. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी. जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक ठाण्याहून रोज ये-जा करता येईल असं आहे. बाहेर जायची तयारी असेल तर बेंगळुरूच्या आयआयएस्सीतलं मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट बघा, जी. एन. रामचंद्रन यांनी उभं केलेलं.

आता कडू भाग. स्वतःची लॅब हवी असेल तर पीएचडी, मग पोस्टडॉक, यात पस्तिशी गाठते. माझ्यासारखी फॅसिलिटीची, म्हणजे इतरांच्या संशोधनासाठी यंत्रं सांभाळायची वाट धरलीत तर रोज नवा प्रश्न समोर येतो, पण पेपरात नाव बहुतेकदा आभारांच्या ओळीत. शिवाय पदं बरीचशी कंत्राटी; मार्चमध्ये कंत्राट संपत आलं की माझ्या पोटात गोळा येतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

समर प्रोजेक्टसाठी आत्ताच लिहायला लागा. ‘आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट’वाले ईमेल प्रोफेसर उघडतसुद्धा नाहीत. त्याऐवजी कॉलेजच्या जुन्या मायक्रोस्कोपवर कांद्याचा पापुद्रा ठेवा, स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मापपट्टी कोरलेली काचपट्टी) कॅलिब्रेट करा, मोबाइलने फोटो काढा आणि फिजी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पन्नास पेशींची लांबी मोजा. तो आलेख, आणि मोजताना कुठे चूक होत असावी याच्या चार ओळी, एवढंच ईमेलला जोडा.