चार तासांसाठी सांभाळायला दिलेली चिंगी

प्रश्न: आम्ही पुण्यात राहतो. डिसेंबरात चिंगीला, आमच्या पाच वर्षांच्या गावठी कुत्रीला, घेऊन मालवणला गेलो होतो. होमस्टेच्या जाहिरातीतच ‘पाळीव प्राण्यांचं स्वागत, सांभाळायला माणूस मिळेल’ असं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायच्या दिवशी होडीत कुत्रं घेईनात, म्हणून मालकांनी गावातल्या एका बाईंना बोलावलं. ‘गेटबाहेर नेऊ नका, तुमच्याजवळच ठेवा’ असं मी दोघांनाही व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. त्या बाईंनी तिला बारा वर्षांच्या भाच्याकडे दिलं आणि तो तिला घेऊन दुकानावर गेला. वाटेत वरातीचे फटाके लागले, चिंगी गळ्यातल्या पट्ट्यातून मान सोडवून पळाली आणि दुचाकीखाली आली. मागच्या पायाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्यात प्लेट टाकावी लागली, खर्च ४१,३०० रुपये. मालक म्हणतात, ‘प्राणी स्वतःच्या जबाबदारीवर आणावेत असा बोर्ड आहे. अपघात कुणाच्या हातात नसतो. आणि गावठी कुत्र्यावर एवढा खर्च कोण करतं?’ पोलिसांनीही गुन्हा नोंदवला नाही. चिंगी फटाक्यांना घाबरते हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. मग चूक माझीच का?

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते तुम्हाला आतून खात असणार. चूक तुमचीच, असं कायदा म्हणत नाही. पण ती गोष्ट लपवायचीही नाही. त्याकडे पुढे येतेच.

आधी मुख्य मुद्दा. आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराला वकील बेलमेंट म्हणतात, मराठीत निक्षेप. तो भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम १४८ पासून पुढे आहे. कायद्याच्या लेखी जनावर ही मालकाची जंगम मालमत्ता. चिंगीला ‘मालमत्ता’ म्हणताना माझीही जीभ अडखळते. पण कायद्याच्या याच भागात कलमांखाली दिलेली उदाहरणं वाचली की कळतं, कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नुसत्या पेट्या आणि पोती नव्हती, जितीजागती जनावरंही होती. कलम १६३ मध्ये सांभाळायला ठेवलेली गाय आहे. ती व्याली तर गायीबरोबर वासरूही परत द्यावं लागतं.

तुमचं उत्तर कलम १५४ मध्ये आहे. ज्या अटीवर ताबा दिला ती मोडून वस्तू वापरली, तर त्या वापरात झालेलं नुकसान ताबा घेणाऱ्याने भरून द्यायचं. खाली दोन उदाहरणं आहेत, दोन्ही घोड्याची. पहिल्यात एकाने दुसऱ्याला घोडा दिला, फक्त त्याने स्वतः बसायचं या अटीवर. त्याने घरातल्या माणसाला बसू दिलं. तो माणूस जपून चालवत होता, तरी घोडा पडून जखमी झाला. भरपाई द्यावीच लागते. दुसऱ्यात कलकत्त्याहून बनारसला जायला घेतलेला घोडा कटककडे नेला. इथेही स्वार जपून जात होता, घोडा अपघाताने पडला, तरीही भरपाई द्यावीच लागते.

आता तुमचा मेसेज समोर ठेवा. ‘तुमच्याजवळच ठेवा’ ही अट मोडली, भाच्याकडे दिलं. ‘गेटबाहेर नेऊ नका’ हीही मोडली, दुकानावर नेलं. दोन्ही उदाहरणं तुमच्या एका दुपारी घडली. ‘अपघात होता’ हा बचाव इथे टिकू नये, कारण त्या घोड्यांचं पडणंही अपघातच होतं. तुमची ती एक ओळ या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

समजा, मेसेज नसता. तरी कलम १५१ प्रमाणे, साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या चीजवस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणं बंधनकारक आहे. आणि ताब्यातल्या जिवाला इजा झाल्यावर, आपण ती काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार सांभाळणाऱ्यावर येतो, तुमच्यावर नाही.

बोर्डाचं काय? तो, फार तर, प्राण्याला मुक्कामी आणण्याबद्दलचा आहे. सांभाळण्याचे तुमच्याकडून वेगळे पैसे घेतले. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या फोटोत खोलीभाडं आणि जेवणाच्या खाली त्याच हस्ताक्षरात ओळ आहे: ‘कुत्रा सांभाळणे, ४ तास, ६००’. मला ती ओळ दिसली आणि हायसं वाटलं. ‘मी फक्त बाईंचा नंबर दिला’ असं म्हणायची वाट त्या ओळीने बंद झाली. जाहिरात मालकांची, बिल मालकांचं, तेव्हा सेवा देणारेही तेच.

म्हणून दिवाणी दाव्यापेक्षा मी तुम्हाला ग्राहक आयोगाकडे पाठवेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यातच, तक्रार करता येते. मालवणला खेटे घालायला नकोत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. शेजारणीने प्रेमाने, फुकट सांभाळलं असतं तर हा रस्ता मिळाला नसता.

त्या बाईंना दुसरा विरुद्ध पक्ष करा, नाहीतर ‘खरी जबाबदार व्यक्ती समोरच नाही’ असा आक्षेप येईल. पण पैशांचा रोख मालकांवर ठेवा. त्या सहाशेतले बाईंच्या हातात किती पडले कोण जाणे. मुलाचं नाव मात्र यात आणू नका. बारा वर्षांच्या पोराच्या हातात दोरी देणारी माणसं मोठी होती.

पोलिसांवरचा राग समजतो, पण या बाबतीत त्यांचं फारसं चुकलं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जनावराला मारण्या-जायबंदी करण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं खरं, पण त्याला हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते. निष्काळजीपणा तिथे पुरत नाही.

आता फटाके. कलम १५० सांगतं की आपल्याला माहीत असलेला, समोरच्याला धोक्यात घालणारा दोष आधी सांगितला पाहिजे. उदाहरण पुन्हा घोड्याचंच: तो अवखळ आहे हे न सांगता दिला, तो उधळला आणि स्वार पडला, तर घोडेवाला जबाबदार. समोरचे वकील हे कलम काढणारच. तुमचं उत्तर असं की चिंगी चार भिंतींच्या आत राहणार या अटीवर दिली होती. बाहेर जाताना घालायचं तिचं हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, तुम्ही खोलीत खुंटीवरच ठेवून गेलात, आणि त्या मुलाने तिला नुसत्या गळ्यातल्या पट्ट्यावर नेलं. बाहेर न्यायचंच नव्हतं, याचा आणखी पुरावा कशाला हवा? तरीही ‘सांगायचं राहिलं’ हे तक्रारीत स्वतःहून लिहा. त्यामुळे भरपाई थोडी कमी होऊ शकते. उलटतपासणीत ते बाहेर आलं, तर मात्र तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जाईल.

आणि ‘गावठी कुत्र्यावर एवढा खर्च’. हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. चिंगीची बाजारात किंमत नसेल, पण तुम्ही किंमत मागतच नाही आहात, उपचाराचा खर्च मागताय. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करारभंगातून ओघाने होणारं नुकसान मिळतं, आणि पाय मोडलेल्या जनावरावर उपचार होणार हे कुणालाही आधीच कळतं. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ३ सांगतं की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचं कल्याण बघायचं, त्याला विनाकारण वेदना होऊ द्यायच्या नाहीत. त्यात जात विचारलेली नाही. तुम्ही शस्त्रक्रिया केलीत ते कायद्याने सांगितलेलं कर्तव्य होतं. मानसिक त्रासाची भरपाईही वेगळी मागा.

आज रात्रीच एक काम करा: त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. नोटीस पोचली की पहिली ‘सांभाळायला माणूस मिळेल’ ही ओळ गायब होते. चॅट पूर्ण काढून ठेवा, फोन बदलू नका. मालवणच्या पशुवैद्यांचा पहिला केसपेपर मागवून घ्या, त्यावर वेळ असेल. गळ्यातला पट्टा जसा आहे तसा ठेवा, बक्कल ज्या भोकात आहे तिथून हलवू नका. तो सैल होता की नाही, हा प्रश्न येईलच.

मग मालकांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत देऊन, रकमेचा तपशील लिहून. त्यांनी बोलणी करायची तयारी दाखवली तर बोला. आयोगातही मध्यस्थीची सोय आहे. आकडा मात्र आताच बंद करू नका. चिंगीचा पाय टेकायला लागेपर्यंत जितके एक्स-रे निघतील, त्या प्रत्येकाची पावती त्यात यायची आहे.