इंग्रजीत ‘नक्की’साठी इतके शब्द का आणि ते आले कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे की शुअर, सर्टन, डेफिनेटली, अ‍ॅब्सोल्यूटली, ऑफ कोर्स या सगळ्यांपुढे डिक्शनरीत ‘नक्की’ नाहीतर ‘खात्रीने’ एवढंच दिलेलं असतं, मग यात फरक काय आणि इंटरव्ह्यूत कुठला वापरायचा. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये एक्स्पोर्टचं काम बघतो, बाहेरच्या पार्ट्यांना मेल टाकणं रोजचंच, त्यामुळे हे शब्द दिवसभर हाताखालून जातात. आणि माझं ठाम मत आहे की शब्द कुठून आलाय ते एकदा कळलं की फरक पाठ करायची गरजच राहत नाही.

आधी शुअर आणि सर्टन घ्या, कारण खरी गंमत तिथंच आहे. शुअर हा लॅटिन ‘सेक्युरस’वरून फ्रेंचमधून झिजत झिजत आलाय. ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी. म्हणजे काळजी नसलेला, आपल्या भाषेत निश्चिंत! सिक्युअर हा त्याच लॅटिन शब्दाचा दुसरा अवतार, आणि विम्याचा इन्शुरन्स पण याच घरातला. आता सर्टन बघा. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सर्टस’, म्हणजे ठरलेलं, पक्कं झालेलं, आणि तो आला ‘सेर्नेरे’ या क्रियापदावरून, ज्याचा अर्थ चाळणं, वेगळं काढणं. ज्वारीचं पीठ चाळून कोंडा बाजूला काढतात ना, तसं डोक्यात सगळं चाळून जे उरलं ते सर्टन. म्हणजे आपलं निश्चित. निश्चिंत आणि निश्चित, आपल्याकडे फक्त एका टिंबाचा फरक आणि आपण लिहिताना हमखास घोळ करतो, पण इंग्रजीत हाच फरक शुअर आणि सर्टनमध्ये बसलाय. ‘आय अ‍ॅम शुअर’ म्हणजे माझ्या मनाला घोर नाही, ‘इट इज सर्टन’ म्हणजे गोष्टच ठरलेली आहे, माझ्या मनाचा संबंध नाही. म्हणूनच ‘इट इज सर्टन दॅट’ चालतं पण ‘इट इज शुअर दॅट’ कुणी लिहिलं की कानाला खटकतं.

त्या चाळणीची पोरंबाळं पण भरपूर आहेत. सर्टिफिकेट म्हणजे पक्कं करून दिलेलं. सिक्रेट म्हणजे चाळून बाजूला काढून ठेवलेलं. आणि ग्रीकमधून आलेला क्रायसिस पण मुळात याच घराण्यातला, निवाडा करायची वेळ असा त्याचा जुना अर्थ. फक्त एक सांभाळा, ‘अ सर्टन पर्सन’ म्हटलं की अर्थ ‘कोणी एक माणूस’ असा होतो. बोलणाऱ्याच्या डोक्यात माणूस ठरलेला असतो पण तो नाव सांगत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला ते मोघम वाटतं.

डेफिनेटलीमध्ये लॅटिन ‘फिनिस’ बसलाय, म्हणजे शेवट, हद्द, शेताचा बांध म्हणा. फायनल, फिनिश हे त्याचेच भाऊबंद. डेफिनेट म्हणजे जिथं हद्द आखून दिलीय ते. म्हणून तारीख, रेट, क्वांटिटी यांना डेफिनेट शोभतं. पार्टी ‘डेफिनेट डेट’ मागते तेव्हा तिला तुमचा आत्मविश्वास नको असतो, कॅलेंडरवरचा एक आकडा हवा असतो. स्पेलिंगमध्ये बरेच जण मधे ए घालतात, आत ‘फायनाइट’ लपलाय एवढं लक्षात ठेवलं तर चुकणार नाही.

इथं आमच्या सोलापूरचं एक सांगतोच. इकडं मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एकाच चहाच्या गाड्यावर चालतात, आणि कन्नडमध्ये ‘नक्की’ला म्हणतात ‘खंडित’. आपल्याला खंडित म्हटलं की वीजपुरवठा आठवतो, पण शब्द संस्कृतचाच, तोडलेलं, कापलेलं. म्हणजे एक घाव दोन तुकडे, आता चर्चा नाही. आणि इंग्रजी डिसाइड? तोही लॅटिनमधल्या ‘कापून टाकणे’वरूनच आलाय. कुठं रोम आणि कुठं कर्नाटक, पण ठरवणं म्हणजे कापणं हे दोन्हीकडं सुचलं, मला हे फार भारी वाटतं.

अ‍ॅब्सोल्यूटली म्हणजे मुळात सोडवलेलं, मोकळं केलेलं. सॉल्व्ह, डिझॉल्व्ह त्याच्याच नात्यातले. कशालाही बांधलेलं नाही, कुठली अट नाही, भेसळ नाही. लॅबमधल्या अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये जवळपास पाणी नसतंच, तो अर्थ धरा. म्हणून जिथं ‘पण’, ‘जर’, ‘बघू’ आहे तिथं हा शब्द घालू नका. आजकाल नुसतं ‘हो’ म्हणायलाही वापरतात, ते बोलण्यात ठीक आहे.

ऑफ कोर्समधला कोर्स म्हणजे धाव, वाट, प्रवाह. रेसकोर्समधला तोच. नदी जशी आपल्या वाटेनं जाते तसं हे होणारच, मराठीत ‘ओघानं आलंच’ म्हणतो ते डिट्टो हेच. पण म्हणूनच जपून. कुणी विचारलं ‘आज ऑफिस चालू आहे का’ आणि तुम्ही नुसतं ‘ऑफ कोर्स’ म्हणालात तर समोरच्याला ‘एवढं पण कळत नाही का’ असं ऐकू जाऊ शकतं. परवानगी मागितली, मदत मागितली, तिथं मात्र ऑफ कोर्स एकदम गोड.

डाउटबद्दल पण सांगतो, कारण खात्रीचे निम्मे शब्द त्याला नाकारूनच बनलेत. लॅटिन ‘दुबिउस’, त्यात ‘दुओ’ म्हणजे दोन. मन दोन वाटांवर उभं, आपली द्विधा अवस्था. इंग्रजीत हा फ्रेंचमधून आला तेव्हा स्पेलिंगमध्ये बी नव्हता, नंतर विद्वान लोकांनी लॅटिन आठवून तो घुसडला, उच्चार मात्र कुणी बदलला नाही, म्हणून तो बी आजही मुका आहे. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी पण असाच आलेला.

आता वापरताना जिथं आपण सगळे फसतो ते. ‘नो डाउट ही इज बिझी’ याचा अर्थ ‘निःसंशय तो बिझी आहे’ असा होत नाही, ‘बिझी असेल बहुतेक’ असाच निघतो. निःसंशयसाठी ‘विदाउट डाउट’ लागतं. ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’चं पण तसंच, तो घरीच असणार असा अंदाज, खरंच माहीत असेल तर माणूस सरळ ‘ही इज अ‍ॅट होम’ म्हणतो. आणि शुअरली! आपल्याकडं ‘वुई विल शुअरली डिस्पॅच’ लिहायची लई सवय आहे, आपल्या मनात ते वचन असतं, पण इंग्रजांच्या इंग्रजीत ‘शुअरली यू हॅव सेंट द सॅम्पल’ म्हटलं की त्यात ‘पाठवलंय ना हो?’ अशी शंका असते. म्हणून मी मेलमध्ये तो शब्द टाळतो, ‘द गुड्स विल लीव्ह ऑन फ्रायडे’ असं साधं वाक्य लिहितो. नुसत्या विधानाइतकी खात्री कुठल्याच शब्दात नसते हे मला या कामानं शिकवलं.

तर इंटरव्ह्यूत एखादं काम करशील का विचारलं तर ‘सर्टनली’ म्हणा, सभ्य आणि पक्कं वाटतं, ‘शुअर’ थोडं मित्राशी बोलल्यासारखं होतं. एखादी माहिती विचारली आणि ती येत असेल तर सरळ सांगून टाका, पुढं डेफिनेटली लावू नका. अर्धवट येत असेल तर ‘आय अ‍ॅम फेअरली शुअर’, म्हणजे बऱ्यापैकी खात्री आहे, आणि नसेलच येत तर ‘आय अ‍ॅम नॉट सर्टन, बट आय कॅन फाइंड आउट’. शुअर म्हणताना स चा श होतो तेवढं सांभाळा, शुगरसारखं.