विडी बाबांची, धाप आईला

प्रश्न: आमच्याकडे विडी ओढतात ते बाबा, तीसेक वर्षं झाली. धाप मात्र आईला लागते. तिचं वय 57, तंबाखूला कधी हात लावला नाही. गावात इतकी वर्षं दमा म्हणून गोळ्या-इंजेक्शनं झाली. आता जळगावला दाखवलं तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार म्हणाले, तोंडाने ओढायचा पंप दिला. पंपाची सवय लागते म्हणून ती घेत नाही. विडी न ओढता हा आजार होतो का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर: आईने विडी नसेल ओढली, धूर मात्र ओढलाय. चूल कशावर पेटायची ते तुम्ही लिहिलं नाही, पण चोपड्याकडचं घर म्हणजे पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या आणि गोवऱ्या, हे मी धरूनच चालतो. माझी आजी खापरावर मांडे करायची, तेव्हा आम्ही पोरं त्या खोलीत दोन मिनिटं टिकत नसू. ती पदराने डोळे पुसत सगळा घाणा संपवून उठायची. जगात सीओपीडीच्या दर चार रुग्णांत निदान एकाने कधीच विडी-सिगारेट ओढलेली नसते. आपल्याकडे त्यात बायका फार, आणि त्यांना विचारतं कोण?

धुराने श्वासनळ्या सुजतात, आतून अरुंद होतात. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटून सैल पडतात. हवा आत जाते, पुरती बाहेर पडत नाही. धाप म्हणजे ही अडकलेली हवा.

आई कधी कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायची का? सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळायची का? कापसाच्या धुळीचं ते लक्षण असतं. लहानपणी न्यूमोनिया किंवा पुढे टीबी झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली नसेल तर करून घ्या. त्याशिवाय दमा की सीओपीडी हे नुसत्या अंदाजाने ठरतं. आमच्या बायांना मी सांगतो, फुंकणीने चूल फुंकता तशी फुंका, फक्त एका दमात सहा सेकंद. शिकल्या-सवरलेल्यांपेक्षा त्यांना लवकर जमतं.

पंपाची सवय लागत नाही. गोळी पोटातून सगळ्या अंगात फिरते, पंपाचं औषध थोडकं असतं आणि थेट छातीत जातं. ओढल्यावर दहा सेकंद श्वास धरायचा. स्टेरॉईडचा पंप असेल तर चूळ भरायची. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण धाप कमी होते.

गॅस आला असेल, तरी आंघोळीचं पाणी आणि भरताची वांगी अजून काड्यांवरच ना? वांगी अंगणात भाजा, आणि आईने नाही, तुम्ही. बाबांची विडीही घरात नको. तो धूर तिच्याच वाट्याला येतो.

आणि बाबांचीही चाचणी करा. विडी सोडली तर पुढची झीज मंदावते, साठीतही. त्यांना धाप लागत नाही असं वाटतं, कारण दम लागतो ती कामं माणूस नकळत टाकून देतो. शेताच्या वाटेवर पूर्वी थांबत नसत, तिथे आता विडी पेटवायच्या निमित्ताने थांबतात का, ते आईला विचारा.