सोनोग्राफीत पोट साफ, तरी नागपूरला का पाठवलं?

भाऊ, मामांचा ट्रॅक्टर धुऱ्यावर उलटला, कमरेचं हाड मोडलं, तालुक्याच्या सोनोग्राफीत ‘पोटात रक्त नाही’ आलं, तरी डॉक्टरांनी रातोरात नागपूरला धाडलं. उगाच खर्चात पाडलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत वीस वर्षं काढल्यावर सांगतो, त्या डॉक्टरांचा निर्णय अगदी बरोबर होता.

पोटाच्या पोकळीला आतून पातळ अस्तर असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात. अपघातानंतरची घाईची सोनोग्राफी मुख्यतः या अस्तराच्या आत रक्त साचलंय का, तेवढंच पाहते. अस्तराच्या बाहेरही भरपूर जागा असते. पाठीकडे मूत्रपिंडं, महाधमनी, महाशीर, स्वादुपिंडाचा बहुतेक भाग. खाली मूत्राशयाच्या पुढ्यात एक जागा, माकडहाडापुढे दुसरी. सगळीकडे सैल चरबी, आणि या जागा एकमेकींत उघडतात. कमरेच्या हाडाजवळच्या शिरा फाटल्या की रक्त त्या चरबीत शिरत वर मूत्रपिंडांपर्यंत चढतं. कित्येक लिटर मावतं. पोट फुगतही नाही, नाडी मात्र पळत सुटते आणि बीपी उतरतं. हे रक्त नीट दिसायला सीटी स्कॅनच लागतो.

चादर करकचून बांधली म्हणून तुम्ही चिडलात. पण मोडलेलं हाड हललं की शिरा पुन्हा वाहतात. हाड आवळलं की हालचाल थांबते, रक्ताची गाठ धरते. फक्त चादर कमरेला नाही, मांडीच्या वरच्या टोकाला बाजूने हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर बांधायची. बरेच जण वर बांधतात, त्याचा उपयोग होत नाही. आणि कुणी ‘हाड हलतं का बघू’ म्हणून कंबर दाबू लागला, तर तिथेच थांबवा.

कुशीवर आलेला निळा-काळा डाग म्हणजे तेच रक्त कातडीखाली उतरलेलं. मामांचं बीपी स्थिर असेल तर तो हळूहळू जाईल.

आता मामांच्या फाटलेल्या मूत्राशयासाठी घातलेली लघवीची नळी. मूत्राशयाची फाट अस्तराबाहेर असेल तर बहुधा ऑपरेशन लागत नाही. नळीने मूत्राशय रिकामा राहिला की दोनेक आठवड्यांत ती भरून येते. फाट अस्तराच्या आत असती तर लघवी आतड्यांभोवती पसरली असती आणि टाके घालावेच लागले असते. नळी काढण्याआधी फाट भरली का ते बघायला मूत्राशयात एक्स-रेवर दिसणारं औषध भरून एक्स-रे काढतात. मामांना बरं वाटतंय म्हणून तो चुकवू नका.